शेवंतीला बघायला

"ऊन किती तास येतंय?"

बदली होऊन मी कोल्हापुरात आले, तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी मामांनी हे विचारलं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं छोटं घर, आणि पुढं दिवसभर उन्हात भाजून निघणारं अंगण. त्यात फक्त पिवळी शेवंती. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला एकटा माणूस. गल्लीनं त्यांना मामा करून टाकलं होतं.

फुलं मागितली की ठणकावत, "फूल उद्या सुकतंय. पिल्लू न्या की!" मग बुंध्याशी फुटलेलं कोवळं रोप मुळासकट काढून हातावर ठेवत. "शेंडा खुडत ऱ्हायचं. जीव तुटतोय म्हणून थांबायचं न्हाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. देतात, आणि दिलेल्याची चौकशी करत येत राहतात. महिन्यातून एकदा मामा दारात उभे. "आलतो शेवंतीला बघायला." शेवंतीला दोन मिनिटं, चहाला तासभर.

माझी शेवंती जास्त पाण्यानं कुजून मेली. सांगायची लाज वाटली. त्या रविवारी मामा आले, तर मी दार अडवूनच उभी राहिले.

"जोरात आलीय, मामा. पण आत पाहुणे आहेत."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. खोली रिकामी होती.

"असू दे, असू दे," म्हणाले आणि जिना उतरले. पुन्हा आले नाहीत.

पुढं कधीतरी शेजारच्या वहिनी हसत म्हणाल्या, "आमच्या तर तीन मेल्या. मामा म्हणत्यात, मरू दे की, दुसरं देतो."

माफी मागायला आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तेवढ्यात मामा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि पुतण्या त्यांना चंदगडला घेऊन गेला. वहिनींकडून नंबर मिळवून मी पावसाळ्यात फोन केला.

"मामा, त्या दिवशी मी खोटं बोलले. शेवंती मेली होती."

"म्हाईत हाय की." मग म्हणाले, "हितं डब्यात लावलीय मी. पर ऊनच न्हाय ओ."

"बरं मामा, ठेवू का?"

"बोलायचं नसलं तर नका बोलू," ते म्हणाले. "पर ठेवू नका."

मी फोन कानाशी धरून बसले. पलीकडं पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आणि मधूनमधून मामांचा श्वास ऐकू येत होता.