तीन वेळा बांधलेला पूल

कॅनडातल्या वॉटर्लूच्या एका विद्यापीठात मी तीस वर्षे चिनी इतिहास शिकवला. पुस्तक एकच लिहिले. चिंग राजवटीच्या अखेरीस सरकारी अंमल दुबळा झाला, तेव्हा एका जिल्ह्याचे सार्वजनिक जीवन तेथील प्रतिष्ठित घराण्यांनी सावरले, हा त्याचा सिद्धान्त. आधार होता नदीवरच्या एका पुलाचा. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांनी तो तीन वेळा बांधला, असे जिल्ह्याची इतिवृत्ते सांगत होती. मी स्वतः तेथे कधी गेलो नाही.

निवृत्तीनंतर मी टोरांटोजवळच्या रिचमंड हिलला राहायला आलो. तेथला माझा शेजारी त्याच जिल्ह्यातला, निवृत्त स्थापत्य अभियंता. मागच्या वर्षी तो गावी जाऊन आला आणि पोर्चवर बसून फोनवरची छायाचित्रे दाखवू लागला. काठावर पुलाचा शिलालेख होता. पुढे नुसते पाणी.

“पूल वाहून गेला?” मी विचारले.

“प्रोफेसर, मी जन्मभर पूलच बांधले. दोन्ही काठांवर पायाचा एक दगड नाही. शिलालेख आधी लावायचे, काम मागाहून. माझे आजोबा होडीनेच जायचे. म्हणायचे, हा पूल फक्त वाचता येणाऱ्यांना दिसतो.” तो खो खो हसला.

मी हसलो नाही. इतिवृत्ते लिहिणारे त्याच घराण्यांतले असत आणि नवी आवृत्ती जुनीवरून उतरवून काढत, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगत असे. तरीही एकच नोंद तीन आवृत्त्यांत, दर वेळी पुढच्या पिढीच्या नावाने, वाचून मी तीन बांधकामे मोजली होती.

पुढच्या छायाचित्रात शिलालेखाशेजारी नवा फलक होता. त्यावर तीन पिढ्यांची कीर्ती, आणि तळाशी आधार म्हणून माझे पुस्तक.

मी तेथील इतिवृत्त-कार्यालयाला चिनी भाषेत, स्पष्ट शब्दांत चूक कळवली. दोन महिन्यांनी उत्तर आले. आभार, जिल्ह्याचे नवे इतिवृत्त तयार होत आहे, त्यात आपला परिचय द्यायचा आहे, छायाचित्र पाठवावे. चुकीविषयी अक्षर नव्हते. दुसऱ्या पत्राला उत्तरच आले नाही.

“बाबा, लेट इट गो,” मुलगी म्हणाली. “तुमचं पुस्तक आता कोण वाचतंय?”

“फलक लोक वाचतात.”

गेल्या आठवड्यात नवे इतिवृत्त टपालाने आले. पुलाच्या नोंदी आता चार झाल्या आहेत. चौथीखाली आधार म्हणून माझे नाव आहे. शेजाऱ्याने ते पान सावकाश वाचले आणि ग्रंथ मिटून माझ्या हाती दिला. आजोबांचा विनोद त्याने पुन्हा काढला नाही.