पायपावरचा हात

सिंधुबाईनं सकाळीच आततायीपणा केला. नवऱ्याचा तेलविहिरीवरचा नारिंगी डगला काढला, एक बाही टर्रकन फाडली आणि तिचं पोतेरं करून चूल सारवली. आता कशाला लागतोय मेला! या खेपेला शहादेव पेटीसकट घरी आला होता.

शहादेव गुजरातेत तेलाच्या विहिरीवर कामाला. जमिनीतून वर येतं ते काही नुसतं तेल नसतं; तेल, पाणी, वायू सगळं एकाच पायपातून धुसमुसत येतं. मोठ्या टाकीत निवळू दिलं की वायू वर जातो, तेल तरंगतं, पाणी तळाशी बसतं. मग ज्याचं त्याचं माप घ्यायचं. पाणी जास्त निघालं की तिथले साहेब कपाळाला हात लावतात. हे ऐकून सिंधुबाईचा जीव जळायचा. इकडं नांदूरघाटच्या शिवारात हंडाभर पाण्यासाठी मारामार, आणि तिकडं ते नकोसं! त्या नकोशा पाण्याची मापं घेत तिचा माणूस परमुलखात बसलेला. त्याच्या वाटेकडं डोळे लावून लावून ती पार विटली होती.

सुट्टीला आला की तो तिचा हात धरून नळाच्या पायपावर ठेवायचा. "बघ सिंधे, हवा आली की पाइप थरथरतो, हलका लागतो. पाणी भरून आलं की गार, जड. कळालं?"

कळायचं तिला केव्हाच. पण हात तसाच राहावा म्हणून ती म्हणायची, "न्हाई."

यंदाच्या दुष्काळात गावानं सहकारी पाणी संस्था काढली, सामाईक बोअर घेतलं. मीटरनं पाणी वाटायचं आणि मोसंबी लावायची. "पाणी लागलं तर मी परत जात न्हाई," असा शहादेवनं शब्द दिला होता. शेजारची भामाबाई तर ऊसतोडीच्या मुकादमाला नकार कळवायला टपूनच बसली होती.

मोटार सुरू झाली. पाइप खोकला, फुसफुसला, पाणी उडालं आणि मीटरचा काटा गरगर फिरायला लागला. कुणीतरी नारळ फोडला. मीटर तपासायचं काम संस्थेनं शहादेवकडंच दिलं होतं. तो पायपावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग सिंधुबाईकडं बघत म्हणाला, "भरपूर हाय."

तिला भरून आलं. ती धावत गेली आणि त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. पाइप थरथरत होता. हलका लागत होता.

तिनं त्याच्याकडं पाहिलं, तर त्यानं मान खाली घातली. अगं बाई! आता नुसतं गप बसायचं होतं. एवढ्यानं तो राहणार होता.

"मुकादमाला सांगू ना गं, येत न्हाई म्हणून?" भामाबाईनं हसत विचारलं.

सिंधुबाईनं पायपावरचा हात काढून घेतला. "नगं, मावशी. काटा हवेवर फिरतोय. ड्रम लावून बघा."

ड्रम लावला. काटा कुठच्या कुठं गेला, ड्रम निम्माही भरला नाही.

घरी आल्यावर शहादेव भडकला. "कशापायी बोललीस? ऱ्हायलो असतो की मी!"

"तुमीच शिकवलं ना हात ठेवायला." एवढं म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "इतकी वर्सं कळत न्हाई म्हनत आले. आज म्हनता आलं न्हाई वो."

मग डोळे पुसून ती उठली. चुलीपाशी पडलेली बाही तिनं धुतली, वाळत घातली आणि सुई शोधायला लागली.