कापलेले श्वास

आमचे हे घाबरट आहेत. मी ते त्यांच्या तोंडावरही सांगते, त्यामुळे इथं सांगायला हरकत नाही. फोन वाजला की आधी फोनकडे बघतात, मग माझ्याकडे. नळ गळायला लागला की नळवाल्याशी मी बोलायचं. कॉम्प्युटरवरचं काम तीन ठिकाणी जपून ठेवतात आणि चौथी जागा मिळाली तर बरं, म्हणतात. यांची थोरली बहीण, आमच्या ताई, यांना लहानपणापासून ससुल्या म्हणते. पन्नाशी उलटली तरी ससुल्याच.

काम मात्र सुरेख करतात. मुलांच्या ऐकायच्या गोष्टी असतात ना, त्यांना संगीत देतात. मागच्या खोलीत बसून, कॉम्प्युटरवर. व्हायोलिन, पियानो, ढोल, सगळं त्या डब्यातलं. खरं वाद्य एकच, ताईंचा रेकॉर्डर. रेकॉर्डर म्हणजे उभी धरून वाजवायची लाकडी बासरी, शिट्टीसारखं तोंड असलेली. ताई शाळेत तोच शिकवतात. पोरं मागून त्यांना शिट्टीबाई म्हणतात, ते त्यांना ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

आमच्याकडे रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटात होतं. हसू नका, कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. माझे कोट एकीकडे सारून ताई आत उभ्या राहतात, समोर माइक लावतात, आणि मी फ्रिज, पंखा बंद करून स्वयंपाकघरात पुतळा होऊन बसते. ताई गेल्या की हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांचे श्वास कापतात. दोन ओळींच्या मध्ये त्या दम घेतात, तो आवाज ऐकणाऱ्याला खुपतो म्हणे. पडद्यावर आवाजाच्या रेषेला लहानसा फुगवटा दिसला की कापला. ऐकतसुद्धा नाहीत. मी भाजी निवडताना देठ खुडते, तितक्याच सहज.

एका दुपारी मागच्या खोलीतून रेकॉर्डर ऐकू आला. ताई तर शाळेत होत्या. मी दार ढकललं, तसा यांनी चोरी पकडल्यासारखा पडदा विझवला.

"काय चाललंय?"

"कुठं काय?"

"ताई नसताना ताई वाजतायत, आणि कुठं काय?"

मग ततपप करत बोलले. यंत्रातला रेकॉर्डर शोधत होते. कुणा खऱ्या वादकाकडून एकेक सूर हळू, मध्यम, जोरात असा फुंकून घेतलेला असतो. आपण इथं कीबोर्डची पट्टी दाबायची, तो सूर तिथं वाजतो. मी भडकलेच.

"जिनं कडेवर घेऊन वाढवलं तिला बाहेर काढून यंत्र आणताय?"

"बाहेर नाही गं काढत." हे म्हणाले. "तिला सूर धरवत नाही आता."

पूर्वी ताई अख्खी ओळ एका दमात वाजवायच्या. हल्ली मध्येच तोडतात. हे कॉम्प्युटरवर तो सूर ओढून लांब करत आले होते, पण आता ओढायलाही काही उरत नव्हतं.

"मग ताईंना विचारलंत का?"

"विचारलं आणि ती खरंच काही बोलली तर?"

असा यांचा हिशेब. सध्या काम कमी आहे म्हणून ताईला सांगायचं, यंत्राकडून वाजवून घ्यायचं, आणि विषय काढायचाच नाही. आजाराला आपण हाक मारली नाही तर तो दारावरून पुढं निघून जाईल, असं यांना वाटत होतं. मला राग आला. तरी शेजारी खुर्ची ओढून बसले.

आम्ही यंत्रातले एकेक रेकॉर्डर ऐकत गेलो. पहिला खेळण्यातल्या बाजासारखा. दुसऱ्याचा प्रत्येक सूर तस्सा थरथरायचा, थंडीत उभं केल्यासारखा. तिसरा वाजला आणि मी नकळत कपाटाकडे पाहिलं. तोच सूर पुन्हा दाबला तर किंचित निराळा यायचा, सुरुवातीला जिभेचा हलका ठोका होता, आणि ओळ सुरू व्हायच्या आधी तो वादक चक्क दम घ्यायचा. मोकळा, स्वच्छ श्वास. तो नको असेल तर बंद करायला एक बटण होतं. यांचं बोट सवयीनं त्या बटणाकडे गेलं आणि तिथंच थांबलं.

"ताईचा असा येत नाही," हे म्हणाले.

"कसा येतो?"

यांना सांगता येईना. इतकी वर्षं कापले, पण ऐकले कुणी होते? मागच्या खेपेचं न कापलेलं रेकॉर्डिंग यांनी काढलं. ताईंचा सूर संपला आणि श्वास आला. आत कुणी कोरडा कागद चुरगाळतंय असा. तो पुरला नाही म्हणून त्याच्या पाठोपाठ आणखी एक, अर्धाच. मग बदकांच्या एका गोष्टीचं जुनं, न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. त्यातला श्वास त्या यंत्रातल्यासारखाच मोकळा होता. मधल्या काळातलं लावलं, तर तिथं कागदाची कुरकुर नुकती कुठं सुरू झालेली.

"हे मी कापत होतो," हे म्हणाले.

मला सगळे धीराची समजतात. पण मलाही आता एकेक आठवायला लागलं. ताई हल्ली पिशवी जिन्याखाली ठेवून मला हाक मारायच्या, फोनवर दोन शब्दांत बोलणं आटपायच्या. मला वाटायचं, माझ्यावर रुसल्यात.

त्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगला ताई आल्या. बूट काढायला दारातल्या स्टुलावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. ताईंशी मी बोलते, असं मी आदल्या दिवशी म्हटलं होतं. नको, मीच सांगतो, असं हे म्हणाले होते. आता मी जीव मुठीत धरून यांच्याकडे बघत होते.

"कपाटात जाऊ नकोस, ताई."

"का रे ससुल्या? उंदीर बघितलास?"

यांनी वळून यंत्रातल्या वादकाचा श्वास लावला. त्यामागून ताईंचा. ताईंच्या चेहऱ्यावर मघाचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"खडूची धूळ असेल," त्या म्हणाल्या. "परीक्षा होऊ देत, मग दाखवते कुणाला तरी."

"आत्ता!" हे ओरडले. आमच्या लग्नापासून मी यांना ओरडताना पाहिलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता चल. मला भीती वाटतेय, ताई."

ताईंनी हातातला बूट खाली ठेवला.

"मलाही वाटतेय रे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर जात नव्हते."

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं, छातीचे फोटो काढवले. फुप्फुसं आतून घट्ट होत चाललीत, म्हणाले. झालेलं मागं फिरत नाही, औषधानं वेग कमी करता येईल, किती ते बघत राहावं लागेल. फुंकणं पूर्ण बंद. "त्रास कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "अलीकडेच." हे म्हणाले, "नाही," आणि खिशातून फोन काढून श्वास ऐकवले, जुन्यापासून नव्यापर्यंत. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला ते पुन्हा ऐकवत नव्हतं.

आता ताई आमच्याकडेच राहतात. बदकांच्या नव्या गोष्टीत तो तिसरा रेकॉर्डर वाजतो. ताई खुर्चीत बसून त्याला शिव्या घालतात. "अरे, हा गाढव ओळीच्या मध्येच दम घेतो! तिथं नाही, सूर संपू दे." मग हे तो श्वास उचलून त्या सांगतील तिथं ठेवतात. ते बटण काही दाबत नाहीत. शाळेतली पोरं भेटायला आली तेव्हा ताईंनी हाताच्या खुणेनंच त्यांच्याकडून अख्खी ओळ वाजवून घेतली, आणि पोरं गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

दुपारी त्यांना झोप लागते. तेव्हा हे काम सोडून त्यांच्या दाराबाहेर येऊन उभे राहतात.

"आत जाऊन बघा की," मी म्हणते.

हे ओठावर बोट ठेवतात. पूर्वी मी अशा वेळी चेष्टा केली असती. आता मीही तिथंच उभी राहते, हातातलं फडकंसुद्धा न हलवता. आतून तो कुरकुरणारा श्वास येतो, मग काहीच येत नाही, आणि यांची बोटं माझ्या मनगटावर आवळतात. मग पुढचा येतो.

"आला," हे म्हणतात, आणि तरी तिथून हलत नाहीत.