गव्हाळ चेहऱ्यांचे शिलेदार

थंडीत सकाळी दहाच्या सुमारास आमच्या जेवणाच्या टेबलावर ऊन येतं. रंग कालवायला त्याच्याइतका चांगला उजेड नाशिकच्या या घरात वर्षभर मिळत नाही. आज डब्याच्या झाकणात ओला कागद अंथरला, त्यावर मातकट पिवळ्या रंगाचा थेंब सोडला, आणि त्याचा ओलसर, किंचित आंबूस वास आल्याबरोबर बाबा, म्हणजे माझे सासरे, समोरच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखे वाटले. ते गेल्यानंतरचा हा दुसरा हिवाळा.

मी बोटाएवढे शिलेदार रंगवते. टेबलावर मांडून, फासे टाकून खेळायच्या लढाईतले. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझं खोकं बघून त्यांनी विचारलं होतं, हे दिवाळीच्या किल्ल्यासाठी का? नाही म्हटल्यावर त्यांना सुनेची काळजीच वाटली असावी. पण निवृत्त माणूस पेपर तरी किती वेळ वाचणार? हळूहळू खुर्ची ओढून बसू लागले. कातडीच्या रंगाच्या माझ्या बाटलीवर मात्र त्यांचा पहिल्या दिवसापासून राग. "इतका गुलाबी माणूस कधी बघितलास का गं?" असं म्हणत त्यांनी मातकट पिवळ्यात थोडा तांबडा आणि जरासा पांढरा कालवून गव्हाळ रंग केला, आणि आमचे सगळे परदेशी सरदार चेहऱ्याने नाशिककर झाले. मी उतावळी, एका हातात काम उरकू पाहणारी. ते रंगाचा पाण्यासारखा पातळ हात देत, तो वाळेपर्यंत चहा घेत, मग त्यावर दुसरा, तिसरा. असे थर चढत गेले की त्या इवल्या गालांवर खरोखर टवटवी येई. त्यांना त्या रंगाचा फार अभिमान होता, आणि मला त्यांचा.

पुढे तो रंग बिघडू लागला. चेहरे राखाडी, आजारल्यासारखे दिसू लागले. सांगायचा मला धीर होईना. आधीच त्यांचं एकेक काम सुटत चाललं होतं, हे तरी राहावं असं वाटायचं. ते संध्याकाळी फिरायला गेले की मी त्या चेहऱ्यांवर पिवळसर पातळ हात फिरवून ठेवायची. सकाळी ते खुशीत म्हणत, वाळला की चढतो बघ रंग. आणि आपोआप चढतोच आहे तर, म्हणून पिवळा आणखी कमी घालत. मग मला आणखी जास्त घालावा लागे. आमचा हा कारभार अख्खा पावसाळा चालला. शेवटी डोळे तपासले तेव्हा उलगडा झाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि त्यांना सगळं जग आधीच पिवळं दिसत होतं.

दोन्ही ऑपरेशनं होईपर्यंत रंगांच्या जवळ फिरकायची मनाई होती. मनाई उठली त्या दिवशी ते एकेक शिलेदार खिडकीशी नेऊन बघत बसले. मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवत राहिले.

"कॉलरीच्या कडेला पिवळा साचलाय," ते म्हणाले. "मी असा हात सोडत नाही. वरचा हात तुझा."

मी होय म्हटलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हातातला शिलेदार पुन्हा उजेडात धरला.

"चांगलं केलंस. पण एखादा तरी तसाच ठेवायचास गं. मी काय करून ठेवलं होतं, ते मला बघायचं होतं."

मग दोघांनी मिळून एका शिलेदाराच्या चेहऱ्यावरचा माझा थर काढायचं ठरवलं. कापसावर स्पिरिट घेऊन मी अगदी अलगद पुसलं. पिवळा निघाला आणि त्याच पुसण्यात त्यांचेही सगळे हात निघून आले. खाली नुसतं करडं प्लास्टिक. मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या हातातून कापूस काढून घेतला आणि बाकीच्यांना आता हात लावायचा नाही, असं बजावलं.

ते बाकीचे काचेच्या कपाटात उभे आहेत. खेळायला आलेलं कुणी ना कुणी त्यातला एखादा उचलून विचारतं, हा चेहरा कुणी रंगवला? मी बाबांचं नाव सांगते. आज त्यातले दोन-तीन उन्हात धरून पाहिले. बाबांचा रंग कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो, ते मलाही आता ओळखता आलं नाही.