च्युइंगमवरचं पाठांतर

राजापेठेतल्या ट्यूशन क्लासमध्ये दर शनिवारी पाठांतर असायचं. फळ्यासमोर उभं राहून बायोलॉजीची व्याख्या घडाघडा म्हणायची. जो अडखळला तो पुढच्या बॅचमधून मागच्या बॅचमध्ये. मी तेल्हाऱ्याची, अमरावतीत खोली घेऊन राहणारी. पुढची बॅच गेली की गाशा गुंडाळून घरी यायचं, असं बाबांनी बजावलं होतं.

मी च्युइंगम चघळत पाठ करायचे. त्यानं डोकं तल्लख होतं असं कोणी म्हणतं, कोणी म्हणतं उलट लक्ष उडतं. जबडा चालू असला की मला झोप यायची नाही आणि वाचलेलं राहायचं, एवढं खरं.

एका शनिवारी सरांनी पकडलं. च्युइंगम थुंकायला लावलं आणि माझ्याच वेणीत चिकटवलं. अख्खा वर्ग हसला.

"म्हैस रवंथ करून राहिली," सर म्हणाले. "हिच्या डोक्शात का राहीन? चाल, म्हन आता."

रिकाम्या तोंडानं मला पहिला शब्दही आठवेना. संध्याकाळी खोलीतल्या मैत्रिणीनं वेणी कापली. महिन्याभरात बाबा न्यायला आले. या सरांना सोडायचं नाही, हे मी एसटीतच ठरवलं.

पुढे अकोल्याच्या कॉलेजात मी तोच विषय शिकवू लागले. माझ्या वर्गात पोरी खुशाल च्युइंगम चघळतात. मागच्या वर्षी सरांच्या सत्काराचं बोलावणं आलं. त्यांना शाल पांघरवायचा मान मला. मी तयारीनंच गेले. च्युइंगम गालात ठेवून भाषणात तीच व्याख्या म्हटली, एक शब्द न चुकता, आणि सरांकडे पाहिलं. निदान मान तरी खाली घालतील, असं वाटलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शाल पांघरताना ते कौतुकानं म्हणाले, "पाठांतर जबरदस्त आहे तुह्यं. कोन्या बॅचची वं तू?"

वीस वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि त्याला मी आठवतही नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोकल्याच्या निमित्तानं हात तोंडाशी नेला. मग शाल सारखी करता करता त्यांच्या मानेवरच्या उरल्यासुरल्या केसांत ते च्युइंगम घट्ट दाबून बसवलं.

"मागच्या बॅचची, सर," मी म्हणाले. "आता राहीन लक्षात."