नणंद दोनदा पडली, मी एकदाच

माझ्या नणंदेला घरात सगळे भोंगा म्हणतात. तोंडावरच म्हणतात, कारण तिच्या पाठीमागे काही बोलायची कुणाची छाती नाही. इतकी वर्षं ती शाळेची व्हॅन चालवायची. मध्यंतरी व्हॅनचा हॉर्न बिघडला, तर हिनं तो दुरुस्तच केला नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून "ए, बाजूला हो रे!" म्हटलं की ट्रकसुद्धा मुकाट बाजूला व्हायचा. मुलं तिच्यावर जीव टाकायची. मीही टाकते, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून कानात बोटं घालूनच.

अशा बाईचा आवाज एका दुपारी बंद पडला. व्हॅनमधल्या एका चिमुरडीच्या घशात चघळायची गोळी अडकली. पोरगी निळी पडायला लागली, बाकीच्यांनी रडारड सुरू केली. भोंग्यानं गाडी कडेला घेतली, मदतीला ओरडायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा. समोरून एक रिकामी अँब्युलन्स चालली होती. तिच्यातल्या बाईनं काचेतून सगळं पाहिलं, ती उतरली, पोरीला पुढं वाकवून पाठीत दणादण धपाटे घातले आणि गोळी टुणकन बाहेर आली. बाईनं हात पुसले आणि गेली.

"वहिनी, ती पोर माझ्या हातात होती आणि मी नुसती तोंड उघडून उभी," भोंगा संध्याकाळी म्हणाली. तेही हळू आवाजात. तिचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. खरं सांगते, मला भीती वाटली.

त्यानंतर तिनं व्हॅन विकली आणि त्या अँब्युलन्सवालीसारखी पॅरामेडिक होणार म्हणून जाहीर केलं. माझा नवरा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, म्हणाला, "या वयात?"

"मग काय म्हातारपणी होऊ?"

व्हॅनच्या पैशांत एकच कोर्स होणार होता. चुकीच्या जागी भरले की व्हॅनही गेली आणि नोकरीही. गावात शिकवणाऱ्या संस्था दोन. नवऱ्याचं मत काचेच्या इमारतीला, कारण तिथं कॉफीचं मशीन आहे. सासऱ्यांचं मत दुसरीला, कारण तिथं थेट बस जाते. आयुष्यात कुणाला साधी पट्टी न बांधलेली माणसं तावातावानं भांडत होती. माहितीपत्रकं बघून निवडावं, तर दोन्हींवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला तोच एक हसरा माणूस. दोन्हीकडे शिकूनही पास झाला नसावा बिचारा.

"असं नाही कळायचं," भोंगा म्हणाली. "मी जाऊन पडते."

"कुठं पडतेस?"

"दोन्हीकडे. चक्कर आल्यासारखी. माणूस पडल्यावर हे लोक काय करतात ते बघू. तू फक्त बाजूला उभी राहून रड."

मी कपाळावर हात मारला. पण नाही म्हणायची सोय कुठं आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बखोटीला धरून बाहेर काढलं. घासभर खाऊही दिलं नाही. म्हणे रिकाम्या पोटी रडू चांगलं येतं.

काचेच्या इमारतीत शिरल्या शिरल्या दर्शनी हॉलमध्येच चकचकीत अँब्युलन्स उभी. भोंगा काउंटरवर वेळापत्रक विचारता विचारता "आई गं" म्हणाली आणि धाडकन आडवी झाली. पडली मात्र झकास, जाताना कुंडीही बरोबर नेली. मी रडायला रुमाल काढला आणि मला फुटलं हसू. तोंड दाबून खांदे हलवत राहिले.

काउंटरवरच्या मुलीनं वाकून विचारलं, "यांचा प्रवेश झालाय का?"

"नाही हो."

"मग फोन नंबर लिहून ठेवा ना प्लीज."

टायवाले एक सर आले. त्यांनी आधी कुंडी उभी केली. "यांना जरा बाहेर घ्या," ते म्हणाले. "पालक यायची वेळ झालीय." एक विद्यार्थी मोबाईलवर शूटिंग करत होता. दुसऱ्याला मी म्हटलं, अरे, काहीतरी कर. तो म्हणाला, "काकू, हा भाग आम्हाला पुढच्या वर्षी आहे."

"अहो, निदान त्या अँब्युलन्समध्ये तरी घाला!" मी ओरडले. तेव्हा दारावरचा वॉचमन माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, तिला इंजिन नाही. शोभेची आहे."

भोंगा आपली आपण उठली, कपडे झटकले आणि मला घेऊन बाहेर पडली. मला कॉफी हवी होती, पण त्या मशीनला विद्यार्थ्याचं कार्ड लागतं.

दुसरी संस्था टायरच्या दुकानाच्या वर. उन्हातून चालत गेलो, वर चढायला अरुंद अंधारा जिना. मी दोनदा कठडा धरून थांबले, पण भोंग्याला सांगून उपयोग नव्हता. वर एकच मोठी खोली, जमिनीवर सतरंज्या, आणि खुर्चीत बसक्या आवाजाची एक ठेंगणी मास्तरीण, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. भोंगा दारातच कोसळली.

मी रुमाल काढेपर्यंत पोरं येऊन पोचली होती. मास्तरीण खुर्चीतून ओरडत होती, "डोकं कोण सांभाळतंय? श्वास बघ आधी! मोठ्यानं सांग, मला ऐकू आलं पाहिजे!"

"श्वास चालू आहे!"

"नाडी लागतेय!"

"मग पाय वर घ्या. आणि नातेवाइकांना विचारा, की मीच विचारू?"

एक मुलगी माझा हात धरून विचारत होती, ताई, यांना साखर आहे का, औषधं चालू आहेत का, सकाळपासून काही खाल्लंय का. इतक्या मायेनं विचारत होती की मला खरंच रडू आलं.

मग मास्तरीण उठली. तिनं भोंग्याचा हात तिच्या चेहऱ्यावर उंच धरला आणि सोडून दिला. हात अलगद कानाच्या बाजूला जाऊन पडला. पुन्हा सोडला, पुन्हा कानाच्या बाजूला.

"बघा रे. शुद्धीतला माणूस बहुतेक वेळा स्वतःचं नाक वाचवतो," ती म्हणाली. "तरी तपासणी पूर्ण करा, नाटक करणाराही आजारी असू शकतो. आणि मग हिला माझ्यासमोर उभी करा."

भोंगा उठली ती आनंदानं फुलून. "बाई, मला इथंच प्रवेश हवा!"

"मला तू नकोस," मास्तरीण म्हणाली. "खोट्या फोनवर अँब्युलन्स पळवलेली आहे मी. तिकडून परत येईपर्यंत खरा फोन केलेल्यांचा माणूस गेला होता. ही सगळी पोरं तुझ्याभोवती बसलेली असताना कुणी खरंच पडलं असतं तर? चल, नीघ."

 मान खाली घालून भोंगा जिना उतरली, मागोमाग मी. जिथं शिकायचं तीच जागा तिनं स्वतःच्या हातानं घालवली होती. मला तिची इतकी दया आली की काहीतरी बोलायला मी तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

पुढचं मला भोंग्यानं आणि टायरवाल्यानं सांगितलं. मी शेवटच्या पायरीवर घसरत बसले आणि आडवी झाले. भोंगा मागे वळून म्हणाली, "ऊठ वहिनी. नाटक संपलं." मी उठले नाही. "वहिनी, आता नको गं." तरी नाही. मग तिनं माझा हात माझ्या चेहऱ्यावर धरला आणि सोडला. तो फाडकन माझ्या नाकावर आला.

वरच्या खोलीत डोळे मिटून पडल्या पडल्या जे जे ऐकलं होतं, ते सगळं तिनं केलं. श्वास पाहिला. मला खाली जमिनीवर सपाट निजवून पाय पायरीवर टेकवले. मग वर तोंड करून ओरडली, "धावा! खाली या! ही खरी आहे!"

टायरवाल्याच्या हातातला पाना त्याच्या पायावर पडला. समोरच्या रस्त्यावर बस थांबली.

मी डोळे उघडले तेव्हा मास्तरणीचं तोंड मला उलटं दिसत होतं. ती माझी नाडी धरून भोंग्याला विचारत होती, "पाय कुणी वर ठेवले?"

"मी."

"श्वास पाहिलास?"

"आधी तोच."

"हिनं सकाळपासून काय खाल्लंय?"

भोंगा स्वतःच्या चपलांकडे बघायला लागली. "काही नाही. मीच खाऊ दिलं नाही."

"म्हणजे पेशंटही तूच तयार करतेस!" मास्तरीण म्हणाली. अंबाड्यातली पेन्सिल काढून डोकं खाजवत राहिली. मला वाटलं, संपलं. "उद्यापासून ये," ती शेवटी म्हणाली. "आणि पहिले काही दिवस पोरं तुझ्यावरच सराव करतील. पडायची हौस एकदाची फिटू दे."

घरी जाताना बसमध्ये माझं नाक भोपळ्याएवढं झालं होतं. भोंग्याला काय काय ऐकवायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. मग एकदम माझ्याकडे वळली.

"वहिनी, माझा आवाज आला ना गं?"

मला सगळं बोलणं गिळावं लागलं. "आला, मेले," मी म्हटलं. "बस थांबली म्हणे तुझ्या आवाजानं."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भोकाड पसरलं. सगळी बस वळून बघायला लागली, ड्रायव्हरसुद्धा. मी कानात बोटं घातली नाहीत.