बुधीबाईचा फोन

जयवंती सायवन गावची. डहाणू रोडला उमेशच्या दोन टेबलांच्या ऑफिसात ती अ‍ॅप बनवायची. भात-नाचणीची माहिती गावच्या बोलीत बोलून सांगणारं अ‍ॅप तिचंच. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी.

२०१९च्या ऑगस्टपासून अ‍ॅप स्टोअरला प्रत्येक अ‍ॅप ६४ बिटचं, म्हणजे नव्या फोनच्या जातीचं, हवं होतं. जयवंतीच्या अ‍ॅपमधला आवाजाचा भाग जुना, ३२ बिटचा; जुने, स्वस्त फोन तेवढंच चालवतात. जयवंतीने तीन आठवडे खपून तो नव्याने बांधला. उमेशने आपल्या कोऱ्या फोनवर अ‍ॅप चालवलं आणि खूश होऊन म्हणाला, "आता ते ३२ बिटचं काढून टाक. अ‍ॅप हलकं होईल. तसले फोन आता वापरतंय कोण?"

जयवंतीला वाद घालायची सवय नव्हती. सोमवारी घरून येताना तिने आईचा, बुधीबाईचा, रबरबँडने बांधलेला जुना फोन आणला.

"हे तुम्ही सांगितलं तसं," म्हणत तिने अ‍ॅप टाकलं. फोनने ते घेतलंच नाही. मग तिने दुसरं टाकलं, ३२ आणि ६४ दोन्ही असलेलं. फुटक्या काचेआडून भाताची माहिती खणखणीत ऐकू आली.

उमेश ओशाळला. "हे कधी केलंस?"

"तुम्ही काढायला सांगितलंत त्याच दिवशी. आमच्याकडे घरचा माणूस मासेमारीच्या बोटीवर कामाला जातो, तेव्हा चांगला फोन तोच नेतो, सर. फुटका बाईकडे राहतो. आणि शेतीसुद्धा."